अठरा गोळ्यांचा हिशेब

गेल्या महिन्यात भाची माशाच्या तेलाच्या साठ गोळ्यांची बाटली घेऊन आली. "मावशी, रोज एक घे, गुडघ्याला आराम पडेल. दाहविरोधी असतं हे." मी हसले, आणि मग चिडले. या एका शब्दापायी माझी उमेदीची वर्षं गेली होती.

सुरुवातीची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. बँग आणि डायरबर्ग हे दोन डॅनिश संशोधक 1970 च्या सुमारास ग्रीनलंडला गेले, इन्युइटांच्या रक्ताचे नमुने घेऊन आले, आणि मासे-सील खाणाऱ्यांचं हृदय धडधाकट असतं असा बोलबाला झाला. तो पायाच कच्चा असल्याचं पुढे 2014 मध्ये कॅनडातल्या हृदयतज्ज्ञांनी मांडलं. असो.

संशोधक म्हणून माझं दशक ऐंशीचं. परदेशी नियतकालिकं मुंबईत बोटीनं यायची, दोन-तीन महिने शिळी होऊन. 1985 चा बॉस्टनचा निबंध मी लेखकांना कार्ड टाकून मागवला होता. त्यात सात निरोगी माणसांना सहा आठवडे माशाचं तेल दिलं आणि त्यांच्या पांढऱ्या पेशी तपासल्या. या पेशींच्या आवरणात अराकिडॉनिक आम्ल बसलेलं असतं. पेशी चेतवली की ते सुटतं आणि त्यातून ल्यूकोट्राइन बी-4 तयार होतं. ही इतर पेशींना धावून या म्हणणारी हाक. माशाच्या तेलातलं ईपीए हे मेदाम्ल त्या आम्लाची जागा अडवतं. त्यातूनही हाक निघते, पण क्षीण.

मी लगेच अशाच अभ्यासाचा प्रस्ताव लिहिला. आमचे विभागप्रमुख म्हणाले, "बाई, तेल पाजून पेशी शांत होतात होय? मग वैद्याकडे जा." कागद फायलीत गेला तो गेलाच. 1989 मध्ये एंड्रेस आणि डिनारेलो यांचा निबंध आला: नऊ जण, रोज 18 ग्रॅम तेल, सहा आठवडे. पेशींमधलं इंटरल्यूकिन-1 बीटा हे दाह भडकवणारं प्रथिन 43 टक्क्यांनी घटलं, आणि तेल बंद केल्यावर दहा आठवड्यांनी ही घट 61 टक्क्यांवर गेली. वर्षभरात तेच प्रमुख एका परिसंवादात यावर तासभर बोलले. टाळ्याही मिळाल्या. मी तिसऱ्या रांगेत होते.

नव्वदच्या दशकात मी नुसत्या उत्तरपत्रिका तपासल्या. 2002 मध्ये बॉस्टनच्याच सेरहान यांनी रिझॉल्विन्स पुढे आणली: या चरबीतून निघणारे रेणू पेशींना 'आवरा आता' असं सांगतात, म्हणजे दाह विझतो तोही आपसूक नव्हे. एवढं देखणं काम, पण बाजारानं 'दाहविरोधी' हा एकच शब्द उचलला आणि बाटलीवर छापला.

मग 2018 मध्ये माशाच्या तेलाच्या 'व्हायटल' या मोठ्या चाचणीचे निकाल आले. 25,871 माणसं, रोज एक ग्रॅम, सरासरी पाच वर्षं. हृदयविकाराचे झटके, पक्षाघात वगैरे एकत्र धरले तर ठोस फरक नाही, कर्करोगातही नाही. ओळखीचे डॉक्टर फोनवर म्हणाले, "बघा, तुमचं तेल फुसकं निघालं." माझं तेल! आम्ही पेशीतल्या रसायनांबद्दल बोलत होतो, तेही मूठभर तेलावर. चाचणी एका ग्रॅमची, आणि मोजले झटके नि गाठी. पेशींतले निष्कर्ष आणि चाचणीचा निकाल एकमेकांना खोडत नाहीत, हे समजावेपर्यंत त्यांनी फोन ठेवला होता.

भाचीची बाटली टेबलावर आहे. गोळी एक ग्रॅमची. त्या नऊ जणांच्या मापानं घेतली, तर चौथ्या दिवशी सकाळीच बाटली रिकामी व्हायची.