दंतधवलन

दंतधवलन म्हणजे ऑक्सिडीकारक रसायनांच्या साहाय्याने दातांचा गडद झालेला रंग फिका करण्याची दंतवैद्यकातील उपचारपद्धती होय. बोलीभाषेत तिला 'टीथ व्हायटनिंग' किंवा 'ब्लीचिंग' म्हणतात. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि कार्बामाइड पेरॉक्साइड ही तिच्यातील प्रमुख द्रव्ये आहेत. हा उपचार केवळ सौंदर्यलक्षी आहे. त्याने किडलेला दात बरा होत नाही की हिरड्यांचा विकार हटत नाही.

संस्कृतातून आलेल्या 'दंतधावन' या शब्दाचा अर्थ दात घासून स्वच्छ करणे असा आहे. त्यातील एक काना गेला आणि एक अक्षर वाढले की 'दंतधवलन' होते आणि अर्थ पुरता बदलतो. हे दोन शब्द कानाला जवळचे असले, तरी या दोन क्रिया एक नव्हेत. दवाखान्यात येणाऱ्या पुष्कळशा रुग्णांचा गोंधळ मात्र नेमका येथेच होतो.

== दाताचा नैसर्गिक रंग ==

दाताचे बाहेरचे कवच म्हणजे दंतवल्क किंवा एनॅमल. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा असतो. ते शरीरातील सर्वांत कठीण द्रव्य असले, तरी अर्धपारदर्शक असते. त्याखालील डेंटिनचा थर मुळातच पिवळसर असतो आणि दाताला रंग येतो तो मुख्यतः या आतल्या थरामुळे. वय वाढते तसे दंतवल्क झिजून पातळ होते, आत डेंटिनची नवी भर पडत राहते आणि दात अधिक पिवळे दिसू लागतात. म्हणजे पिवळेपणा ही नेहमीच अस्वच्छतेची खूण नसते. दुसरी-तिसरीतील मुलांचे नवे दात पाहून पालक काळजीत पडतात, त्याचेही कारण हेच आहे. दुधाचे दात कायमच्या दातांपेक्षा मुळात पांढरे असतात आणि शेजारी शेजारी आल्यावर तो फरक डोळ्यांत भरतो.

== डाग आणि त्यांची कारणे ==

डाग बाहेरचा आहे की आतला, हे ठरल्याशिवाय धवलनाचा निर्णय घेणे योग्य नव्हे. चहा, कॉफी, पान, तंबाखू आणि मिश्री यांचे डाग दाताच्या पृष्ठभागावर आणि कीटणावर बसतात. क्लोरहेक्झिडीन असलेल्या गुळण्यांच्या औषधाने आणि लोहाच्या पातळ औषधांनीही असे डाग पडतात. ते काढण्यासाठी स्केलिंग आणि पॉलिशिंग, म्हणजे यंत्राने दातांची सफाई, एवढे बहुधा पुरते. पुष्कळ रुग्णांना सफाईनंतर दिसणारा आपल्या दातांचा मूळ रंग पाहून धवलनाची गरजच वाटत नाही. 'मशीनने साफ केले की दात हलतात' ही भीती निराधार आहे. कीटणामुळे हिरडी व हाड आधीच मागे सरलेले असते; कीटण निघाल्यावर दाताचा सैलपणा फक्त जाणवू लागतो.

मिश्रीविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. भाजलेल्या तंबाखूची ही पूड दात स्वच्छ करते, अशा समजुतीने महाराष्ट्रात, विशेषतः ग्रामीण स्त्रियांत, ती अजूनही लावली जाते. जुन्या काळी दातवण लावून दात काळे करण्याची चालही येथे होती. दातांच्या सौंदर्याची कल्पना काळानुसार किती बदलते, याचे ते उत्तम उदाहरण आहे. मिश्रीचा डाग सफाईने निघतो. परंतु तंबाखूमुळे गालाच्या आतील बाजूस किंवा हिरडीवर उमटणारा पांढरा अथवा लाल चट्टा कर्करोगाची पूर्वखूण असू शकतो. दात पांढरे करून घेण्यास आलेल्या अशा रुग्णाचे सारे तोंड आधी तपासले गेले पाहिजे. रंगाच्या तुलनेत ही तपासणी कितीतरी मोलाची आहे.

आतल्या डागांची कारणे निराळी आहेत. दात तयार होण्याच्या वयात पिण्याच्या पाण्यातून अधिक फ्लोराइड पोटात गेल्यास दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे आणि तपकिरी डाग पडतात. यास दंत-फ्लुरोसिस म्हणतात. अमेरिकेतील कोलोराडो स्प्रिंग्ज येथील दंतवैद्य फ्रेडरिक मॅके यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी अशा डागांचा अभ्यास सुरू केला आणि १९३१ साली त्यांचा संबंध पाण्यातील फ्लोराइडशी जोडला गेला. महाराष्ट्रात चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील काही भागांत भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आढळते. तेथील तरुणांना 'तू दात घासत नाहीस का?' हा प्रश्न आयुष्यभर ऐकावा लागतो. तो सर्वस्वी अन्यायाचा आहे, कारण हे डाग कितीही घासले तरी निघत नाहीत. धवलनाने तपकिरी छटा फिकी होऊ शकते. पांढरे पट्टे मात्र जात नाहीत, उलट सुरुवातीस अधिक उठून दिसू शकतात. त्यांसाठी दंतवल्काचा अतिपातळ थर घासून काढणे किंवा त्यात रेझिन मुरवणे असे वेगळे उपचार आहेत.

बालपणी, साधारण आठ वर्षांच्या आत, टेट्रासायक्लिन गटातील प्रतिजैविके दिली गेल्यास दातांवर करड्या-तपकिरी रंगाचे आडवे पट्टे उमटतात. हे डाग सर्वांत चिवट असतात.

एकच दात काळपट पडला असेल, तर ती बहुधा जुन्या माराची खूण असते. लहानपणी पडल्याने दाताची नस मेलेली असते आणि मुळाशी नकळत पू साचत असू शकतो. अशा दाताचा क्ष-किरण फोटो न काढता त्यावर वरून रसायन लावणे म्हणजे रोग झाकणे होय. त्यास आधी रूट कॅनाल करावे लागते आणि नंतर रसायन दाताच्या आत भरून रंग उतरवला जातो.

== रसायनाचे कार्य ==

हायड्रोजन पेरॉक्साइडचा रेणू लहान असल्याने तो दंतवल्कातून झिरपून काही मिनिटांतच डेंटिनपर्यंत पोचतो. तेथे निर्माण होणारे क्रियाशील ऑक्सिजनचे अणुगट रंगीत सेंद्रिय रेणूंतील बंध तोडतात. तुटलेले रेणू कमी प्रकाश शोषतात आणि दात फिका दिसतो. येथे काहीही खरवडले जात नाही. कार्बामाइड पेरॉक्साइडचे विघटन होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड व युरिया तयार होतात. १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडची शक्ती सुमारे ३.५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडइतकी असते. वेष्टनावरील आकड्यांची तुलना करताना हे ध्यानात न घेतल्यास फसगत होते.

हे कार्य केवळ नैसर्गिक दातावर घडते. कॅप, व्हिनिअर आणि दाताच्या रंगाचे भरलेले सिमेंट यांचा रंग बदलत नाही. समोरच्या दाताला कॅप असेल, तर धवलनानंतर ती शेजाऱ्यांपेक्षा गडद दिसू लागते आणि बदलण्याचा खर्च वाढतो.

== पद्धती ==

दवाखान्यातील पद्धतीत साधारणतः २५ ते ४० टक्के तीव्रतेचे हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. प्रथम ओठ बाजूस सारून हिरड्यांवर प्रकाशाने घट्ट होणाऱ्या रेझिनचे संरक्षक आवरण चढवतात. मग जेल लावून पंधरा-वीस मिनिटांनी काढतात आणि एकाच भेटीत दोन-तीन वेळा हीच क्रिया करतात. निळ्या प्रकाशाचा दिवा जाहिरातींत ठळकपणे झळकतो. परंतु त्याने अंतिम परिणामात लक्षणीय भर पडते, असे निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही.

दुसरी पद्धत घरी करावयाची, पण दंतवैद्याच्या देखरेखीखालची आहे. दातांचे माप घेऊन पातळ प्लास्टिकचे ट्रे तयार करतात. रुग्ण त्यांत बहुधा १० ते १६ टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचे जेल थेंबाथेंबाने भरून रोज काही तास किंवा रात्रभर लावतो. दोन ते तीन आठवड्यांत परिणाम दिसतो. टेट्रासायक्लिनच्या डागांना कित्येक महिने लागतात. हिरडीच्या विकारावरील जंतुनाशक द्रवामुळे दात उजळत असल्याचे १९६० च्या दशकात अमेरिकेत योगायोगाने लक्षात आले होते. व्हॅन हेवूड आणि हॅरल्ड हायमन यांनी १९८९ मध्ये या पद्धतीचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केल्यानंतर ती सर्वत्र रूढ झाली. ती संथ असली, तरी सौम्य आणि भरवशाची मानली जाते. लग्न चार दिवसांवर आल्यावर दवाखाना गाठणाऱ्यांना मात्र ती उपयोगाची नाही.

युरोपीय संघात २०१२ पासून ०.१ ते ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड असलेली धवलन-उत्पादने केवळ दंतवैद्यांनाच विकता येतात आणि अठरा वर्षांखालील व्यक्तींवर ती वापरता येत नाहीत. भारतात दंतवैद्यकीय व्यवसायासाठी दंत परिषदेकडे नोंदणी लागते. ब्यूटी पार्लरमध्ये हा उपचार करून घेणाऱ्याचे किडके दात किंवा उघडी पडलेली मुळे आधी तपासली जाण्याची हमी नसते.

== दुष्परिणाम आणि मर्यादा ==

उपचाराच्या काळात दात शिवशिवणे, थंड पाण्याने किंवा नुसत्या हवेनेही अचानक कळ येणे हा सर्वांत सामान्य त्रास आहे. तो बहुधा काही दिवसांत थांबतो. पोटॅशियम नायट्रेट अथवा फ्लोराइडयुक्त पेस्टने आणि दोन वेळांमधील अंतर वाढवल्याने तो कमी होतो. जेल हिरडीला लागल्यास पांढरा चट्टा पडून आग होते. किडलेला किंवा तडा गेलेला दात असल्यास रसायन थेट नसेपर्यंत पोचते. म्हणून कीड आधी भरून घ्यावी लागते. गर्भवती व स्तनपान देणाऱ्या स्त्रियांना हा उपचार पुढे ढकलण्याचा सल्ला दिला जातो.

उपचार संपताच दात सर्वाधिक पांढरे दिसतात, कारण ते तात्पुरते कोरडे पडलेले असतात. एक-दोन आठवड्यांत रंग किंचित उतरून स्थिरावतो. ही फसवणूक नव्हे. पण आधी न सांगितल्यास रुग्णाला तसे वाटते. उपचारापूर्वी रंगपट्टीशी दात ताडून नोंद ठेवलेली असल्यास वाद उरत नाही. समोरच्या दातांचे सिमेंट बदलायचे असल्यास सुमारे दोन आठवडे थांबतात, कारण दातात उरलेला ऑक्सिजन चिकटद्रव्याची पकड कमी करतो. परिणाम कायमस्वरूपी नसतो. चहा-तंबाखूच्या सवयींनुसार काही महिन्यांत ते काही वर्षांत रंग पुन्हा गडद होतो.

== घरगुती उपाय ==

लिंबाची साल किंवा रस, खाण्याचा सोडा, मीठ आणि कोळशाची पूड हे उपाय सर्रास सुचवले जातात. दंतवल्कातील खनिजे सामू सुमारे ५.५ च्या खाली गेला की विरघळू लागतात. लिंबाच्या रसाचा सामू २ ते ३ असतो. रस चोळल्यावर दात क्षणभर चकाकतात, पण ती चकाकी आम्लाने पृष्ठभाग खाल्ल्याची असते. कोळशाच्या व मिठाच्या भरड कणांनी दंतवल्क झिजते. ते पातळ झाले की खालचा पिवळा डेंटिन अधिक दिसू लागतो, आणि झिजलेले दंतवल्क शरीर पुन्हा तयार करीत नाही.