मन खचते तेव्हा : नैराश्य ओळखा, वेळीच उपाय करा

पिकावर कीड दिसली की आपण स्वस्थ बसत नाही. पान उलटून पाहतो, जाणकाराला विचारतो. गोठ्यातील जनावराने वैरण सोडली तर त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलावतो. परंतु घरातील माणसाने जेवण कमी केले, बोलणे सोडले, रात्री जागून काढल्या, तर "टेन्शन आहे, होईल बरे" असे म्हणून महिनोन्‌महिने जाऊ देतो. हा उशीर कित्येकदा जिवावर बेततो. म्हणून नैराश्य हा आजार कसा ओळखावा आणि घरच्या घरी व दवाखान्यात कोणते उपाय करावेत, याची माहिती प्रत्येक कुटुंबाला असणे आवश्यक आहे.

काळजी आणि आजार यांतील फरक

सन २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट असो किंवा २०१७ मध्ये कपाशीवर आलेली गुलाबी बोंडअळी असो, हाती आलेले पीक गेल्यावर कोणालाही वाईट वाटणारच. दुबार पेरणी, पडलेले भाव, मुलीचे लग्न, बँकेची नोटीस या काळज्या खऱ्या आहेत. मात्र साधी काळजी काही दिवसांनी ओसरते. माणूस कामाला लागतो, चार लोकांत हसतो-बोलतो. नैराश्यात तसे होत नाही. मन सतत उदास राहते, कशातच गोडी वाटत नाही आणि ही अवस्था दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ, जवळजवळ दररोज टिकते.

हा मनाचा कमकुवतपणा नाही, आळस नाही आणि करणी-भानामतीचाही प्रकार नाही. मधुमेह किंवा रक्तदाबासारखाच हा एक आजार आहे. कष्टाळू, हुशार आणि सधन शेतकऱ्यालाही तो होतो.

मुख्य म्हणजे, हा आजार अडचणीतून मार्ग काढण्याची ताकदच हिरावून घेतो. असा माणूस बँकेचे पत्र उघडत नाही, तलाठी पंचनाम्याला आला तरी शेतात जात नाही, सोसायटीत जाण्याचे टाळतो. त्यामुळे अडचण वाढते आणि मन आणखी खचते. "आधी कर्ज फिटू दे, मग दवाखान्याचे पाहू" हा विचार म्हणूनच चुकीचा आहे. दोन्ही कामे एकाच वेळी सुरू केली पाहिजेत.

नैराश्याची लक्षणे

१) दिवसभर उदास वाटणे, कारण नसताना रडू येणे किंवा लहानसहान गोष्टींवरून चिडणे.
२) शेत, जनावरे, भजन, पारावरच्या गप्पा अशा आवडीच्या गोष्टींत मन न लागणे.
३) झोप न लागणे, पहाटे फार लवकर जाग येऊन विचार सुरू होणे किंवा दिवसभर झोपून राहणे.
४) भूक मंदावणे, वजन घटणे.
५) थोड्या कामानेही थकवा येणे, निर्णय घेता न येणे, विसराळूपणा.
६) "माझ्यामुळेच घरावर ही वेळ आली", "मी कोणाच्या कामाचा नाही" असे सतत वाटणे.
७) जगण्यात अर्थ नाही असे विचार मनात येणे.

ग्रामीण भागात बरेच रुग्ण मनाची तक्रार सांगतच नाहीत. डोके जड होणे, छातीत धडधड, अंगदुखी, पोटात जळजळ अशा तक्रारी घेऊन ते दवाखाने पालथे घालतात. तपासणीत काही निघत नसेल, तर झोप आणि मनःस्थितीबद्दलही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. रक्तक्षय व थायरॉईडच्या विकारातही थकवा आणि उदासी येते, म्हणून रक्ततपासणी करून घ्यावी.

शेतकरी स्त्रियांकडे विशेष लक्ष द्यावे. बाळंतपणानंतर किंवा पतीच्या निधनानंतर शेती व घर यांचा भार एकटीवर पडला असता स्त्रियांमध्ये हा आजार आढळतो, परंतु घरकाम चालू असल्याने कोणाच्या ध्यानात येत नाही. पुरुषांमध्ये तो पुष्कळदा दारूआड लपतो. दारूने घटकाभर गुंगी येते, पण झोप बिघडते, उदासी वाढते आणि अविचाराचा धोकाही वाढतो.

धोक्याची सूचना

मरणाची भाषा करणे, व्यवहार घाईने आटोपणे, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, "माझ्यामागे पोरांना सांभाळा" असे सांगणे, फार अस्वस्थ माणूस एकाएकी शांत होणे ही लक्षणे दिसल्यास एक दिवसही थांबू नये.

अशा वेळी थेट विचारावे. "भाऊ, बरेच दिवस तुमचं मन लागत नाही असं दिसतंय. जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं का?" असे विचारल्याने विचार नसलेल्याच्या डोक्यात तो शिरतो, ही भीती निराधार आहे. उलट कोणीतरी विचारले म्हणून माणूस मोकळा होतो. उत्तर शांतपणे ऐकून घ्यावे. "असं बोलू नये", "इतरांचे हाल बघ" असे उपदेश करू नयेत. होकार आला तर त्याला एकटे सोडू नये आणि लगेच दवाखान्यात न्यावे.

कीटकनाशके कुलपात ठेवा

टोकाचा विचार पुष्कळदा थोड्याच वेळाचा असतो. त्या वेळेत विष हाताशी नसेल तर जीव वाचतो, आणि वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुढे आयुष्य जगतात. श्रीलंकेत १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली. त्यानंतरच्या दोन दशकांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटले. आपणही पुढील दक्षता घ्यावी.

* फवारणीला लागेल तेवढेच औषध आणावे. शिल्लक साठवू नये.
* औषधे घरात किंवा माळ्यावर न ठेवता कुलूपबंद पेटीत ठेवावीत. घरात कोणी खचलेले असेल तर किल्ली दुसऱ्याने सांभाळावी, शक्य तर औषधे घराबाहेर हलवावीत.
* विषबाधा झाल्यास मीठ-पाणी पाजून उलटी करवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, बेशुद्ध रुग्णाला कुशीवर झोपवावे आणि औषधाचा डबा लेबलसह सोबत न्यावा.

पोलीस केसच्या भीतीने रुग्णाला लपवून ठेवू नये. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच गृहीत धरले जाते आणि तिला उपचार देण्याची जबाबदारी शासनावर आहे.

उपचार कोठे व कसे

प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालयात दाखवावे. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभागाची सेवा घेता येते. ठाणे, पुणे (येरवडा), रत्नागिरी व नागपूर येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. घरबसल्या सल्ला हवा असल्यास केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेलीमानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस केव्हाही विनामूल्य बोलता येते. मराठीतूनही बोलता येते.

सौम्य नैराश्यात समुपदेशनाने बराच फरक पडतो. आजार वाढलेला असेल तर गोळ्या द्याव्या लागतात. नैराश्यावरील या गोळ्यांची नशेसारखी सवय लागत नाही. मात्र गुण येण्यास दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून आठ दिवसांत "फरक नाही" म्हणून सोडू नयेत. बरे वाटू लागल्यावरही साधारणपणे किमान सहा महिने त्या चालू ठेवाव्या लागतात. डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करू नयेत.

गावाने काय करावे

अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत 'विश्राम' प्रकल्पात गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन या आजाराची माहिती दिली. सुरुवातीस नैराश्य असलेल्या शंभरांपैकी सुमारे चारच जण उपचार घेत होते. दीड वर्षानंतर हे प्रमाण सत्तावीसच्या आसपास गेले. माहिती देणारे माणूस ओळखीचे असले की लोक पुढे येतात. बचत गट, भजनी मंडळ, शेतकरी गट व आशा सेविका हे काम प्रत्येक गावात करू शकतात.

खचलेल्या शेतकऱ्यासोबत कोणीतरी बँकेत जावे. आपत्तीनंतर पीककर्जाच्या पुनर्गठनाची चौकशी करावी. देणी-घेणी एका कागदावर मांडून कोणते देणे आधी, कोणते नंतर हे ठरवावे. अवैध सावकारीचा त्रास असल्यास महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ अन्वये सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. रुग्णाला एकदम सगळे काम सांगू नये. सकाळी बांधापर्यंत फेरी, एका जनावराचे चारापाणी असे थोडे थोडे काम द्यावे आणि जेवण-झोपेच्या वेळा सांभाळाव्यात.

थोडक्यात सांगायचे तर दोन आठवड्यांची खूण लक्षात ठेवावी, आडपडदा न ठेवता विचारावे, औषधे कुलपात ठेवावीत आणि डॉक्टरांकडे सोबत जावे. बुडालेले पीक पुढच्या हंगामात पुन्हा घेता येते. त्यासाठी ते घेणारा माणूस घरात हवा.