तलवाड्याची स्मृति आणि आजचें नागरिकत्व

मुंबईहून अहमदाबादेकडे जाणाऱ्या राजरस्त्यावर चारोटी हें गांव लागतें. जवळच विवळवेढ्याच्या महालक्ष्मीचें दर्शन घेऊन प्रवासी पुढें जातात. ऐतिहासिक स्थळ म्हटलें कीं तट, बुरूज आणि शिलालेख डोळ्यांपुढें येतात. परंतु डहाणू-तलासरीच्या या मुलखांत तटबुरुजांवांचूनही इतिहास घडला आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत येथील पुष्कळ वारली कुटुंबें सावकार-जमीनदारांचीं बांधील होतीं. लग्नासाठीं अल्पसें कर्ज घ्यावें आणि तें फेडण्याकरितां नवराबायकोनें वर्षानुवर्षें धनकोच्या शेतावर राबावें, अशी रीत होती. अशा माणसास ‘लग्नगडी’ म्हणत. १९४५ च्या मे महिन्यांत झरी येथें हजारों वारली एकत्र जमले. शामराव व गोदावरी परुळेकर हे किसान सभेचे कार्यकर्ते त्यांच्या पाठीशीं होते. वेठ करावयाची नाहीं आणि दिवसाची मजुरी बारा आणे रोख घ्यावयाची, असा निर्धार झाला. त्याच वर्षीं १० ऑक्टोबर रोजीं तलवाड्यास जमलेल्या लोकांवर पोलिसांनीं गोळीबार केला. त्यांत जेठ्या गांगड व इतर चौघे मृत्यु पावले.

पुढें २६ जानेवारी १९५० रोजीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदानें वेठबिगारीस मनाई केली आणि १९७६ च्या कायद्यानें वेठीचीं कर्जें रद्द ठरविलीं. घटनेचा हा अनुच्छेद शाळेंत पाठ करून घेतला, तर तो परीक्षेपुरता उरतो. झरी-तलवाड्याच्या भूमीवर उभें राहून वाचला, तर त्याचें मोल समजतें.

दरवर्षीं १० ऑक्टोबरला तलासरी भागांत हुतात्म्यांना अभिवादन होतें. परंतु केवळ पुष्पहारानें स्मृति जिवंत राहत नाहीं, आणि ती एखाद्या पक्षाची वा जमातीची खासगी मिळकतही नव्हे. शिक्षकांनीं मुलांस तेथें न्यावें. वृद्धांनीं घरांत ऐकलेल्या हकीकती वारली बोलींतच टिपून ठेवाव्या. शहरांतील कुटुंबांनींही स्वतःस एक प्रश्न विचारावा. आपल्या घरीं, बांधकामावर अथवा वीटभट्टीवर राबणाऱ्या माणसास उचल देऊन आपण त्याचें स्वातंत्र्य तर गहाण ठेवून घेत नाहीं ना? त्याची मजुरी वेळेवर व पुरती देणें, हेंच तलवाड्याच्या पांच जणांना खरें अभिवादन होय.