चीनच्या राज्यघटनेंतील पर्यवेक्षण मंडळ

जुनी सनद किंवा तहनामा वाचतांना त्यांत कोणते शब्द आहेत याबरोबरच कोणता शब्द गाळला आहे हेंहि संशोधकास पाहावें लागतें. हीच रीत एका अर्वाचीन लेखास, म्हणजे चीनच्या राज्यघटनेस, लावून पाहण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे. ता. ११ मार्च २०१८ रोजीं त्या घटनेंत दुरुस्ती झाली. अनुकूल मतें २९५८ व प्रतिकूल अवघीं २ पडलीं. राष्ट्राध्यक्षांच्या मुदतीची मर्यादा त्या दिवशीं काढून टाकली गेली, तिचाच बोभाटा जगभर झाला; परंतु दुरुस्तीच्या २१ कलमांपैकीं ११ कलमें अधिकाऱ्यांच्या भ्रष्टाचारावर देखरेख करणाऱ्या नूतन मंडळाविषयीं होतीं.

अशी देखरेख चीनला नवी नाहीं. छिन व हान राजवटींपासून ‘यूशी’ नांवाचे अधिकारी हें काम पाहत. मिंग अमदानींत, इ. स. १३८२ मध्यें, त्यांच्या कचेरीची पुनर्रचना झाली. प्रांतोप्रांतीं फिरणाऱ्या तपासनिसाचा दर्जा नवांपैकीं सातवा असे. तरी थोर थोर अधिकाऱ्यांवरील दोषारोप तो थेट बादशहापुढें मांडूं शके. याच परंपरेवरून सुन यत्-सेन यांनीं राज्याच्या पांच शाखांपैकीं एक स्वतंत्र शाखा देखरेखीसाठीं कल्पिली. ती १९३१ सालीं स्थापन झाली व आज तैवानांत आहे.

साम्यवादी चीनमध्यें २०१८ पर्यंत हें काम मुख्यतः तिघांकडे होतें. पक्षाची शिस्त-तपासणी समिति पक्षसभासदांस जाब विचारी. पर्यवेक्षण मंत्रालय प्रशासनांतील नोकरांकडे पाही. लांच व अपहार यांचा फौजदारी तपास सरकारी अभियोक्ते करीत. पैकीं पहिल्या दोघांची कचेरी १९९३ पासून एकच होती. संशयितास नेमल्या वेळीं व नेमल्या जागीं हजर ठेवून घेण्याच्या रीतीस ‘श्वांगक्वेइ’ म्हणत. तिला पक्षाच्या नियमांचा आधार होता, राज्याच्या फौजदारी कायद्याचा नव्हता.

डिसेंबर २०१६ मध्यें बीजिंग, शान्सी व चेजियांग येथें नव्या पद्धतीचा प्रयोग सुरू झाला, आणि ता. २० मार्च २०१८ रोजीं पर्यवेक्षण कायदा मंजूर झाला. सरकारी कारखान्यांचे व्यवस्थापक, सरकारी शाळा व रुग्णालयें यांचे चालक, गांवसमित्यांचे कारभारी हे सर्व आतां एकाच मंडळाच्या कक्षेंत आले. श्वांगक्वेइच्या जागीं ‘ल्यूझी’ नांवाची स्थानबद्धता आली. तिची मुदत तीन महिने असून ती एकदां तितकीच वाढवितां येते. १ जून २०२५ पासून अमलांत आलेल्या दुरुस्तीनें कांहीं गंभीर प्रकरणीं ती याहूनहि लांबवितां येते. या काळांत कैद्यास वकिलाची भेट मिळत नाहीं.

आतां मूळ शब्दांकडे वळूं. कलम १२७ म्हणतें कीं, हें मंडळ स्वतंत्रपणें काम करील; त्यांत प्रशासकीय संस्था, सामाजिक संघटना व व्यक्ति यांनीं ढवळाढवळ करूं नये. या यादींत पक्षाचें नांव नाहीं. ही लेखकाची नजरचूक असावी काय? त्याच दुरुस्तीनें पहिल्या कलमांत पक्षाच्या नेतृत्वाचें वाक्य घातलें, आणि मंडळाची कचेरी पक्षाच्या शिस्त-समितीशीं एकत्रच राहिली. तेव्हां ही वगळणूक हेतुपूर्वक आहे असेंच आम्हांस वाटतें. कलम १२६ अन्वयें मंडळ राष्ट्रीय लोकसभेस जबाबदार आहे; कलम १२४ अन्वयें त्याच्या प्रमुखास लागोपाठ दोहोंहून अधिक मुदती मिळत नाहींत. राष्ट्राध्यक्षांवरून जी मर्यादा उठली, ती त्याच दिवशीं या प्रमुखावर बसली, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

लेखी मुदत व लेखी अधिकार हा लाभ खरा. पूर्वीं कायद्याच्या पुस्तकांत तेवढेंहि नव्हतें. परंतु तपासणारा व ज्याच्या आज्ञेनें तपास चालतो तो, हे दोघे एकाच घरांत राहतात. त्या घराचा तपास कोणीं करावा, हें एकाहि कलमांत लिहिलेलें नाहीं.