डांबरी रस्ता : टिकाऊपणाची कसोटी

कोलकात्याच्या उत्तरेकडील डमडम हा परिसर विमानतळामुळे सर्वपरिचित आहे. येथून जाणारा जेसोर रोड पुढे पेट्रापोल येथे बांगलादेशच्या सीमेस भिडतो. अवजड मालमोटारींची वर्दळ, वर्षाकाठी दीड हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि सखल भूमी या तिन्हींचा ताण येथील रस्त्यांवर पडतो. गाळाच्या या प्रदेशात दगड मिळत नाही. खडी झारखंडमधील पाकूरसारख्या ठिकाणांहून आणावी लागते. त्यामुळे खराब झालेला रस्ता पुन्हा करणे विशेष खर्चिक ठरते. डांबरी मिश्रण अंथरण्यापूर्वी प्रयोगशाळेत पारखून घेण्याचे आर्थिक महत्त्व यावरून लक्षात येते.

खडी, कच, बारीक भुकटी आणि डांबर यांचे योग्य प्रमाण ठरविण्यासाठी भारतात प्रामुख्याने मार्शल चाचणी वापरली जाते. अमेरिकेतील मिसिसिपी राज्याच्या महामार्ग विभागातील ब्रूस मार्शल यांनी ती विकसित केली. सुमारे १,२०० ग्रॅम मिश्रणाचा नमुना दोन्ही बाजूंनी प्रत्येकी ७५ ठोके देऊन घट्ट केला जातो. नंतर तो ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवून यंत्रात दाबतात. वरच्या थरातील काँक्रीटसदृश दाट डांबरी मिश्रणाने सामान्यतः किमान ९ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ९०० किलोग्रॅम भार पेलणे अपेक्षित असते. नमुन्यातील हवेची पोकळी ३ ते ५ टक्के असावी लागते. पोकळी कमी असल्यास उन्हाळ्यात डांबर वर येते व चाकोऱ्या पडतात. जास्त असल्यास पाणी आत शिरते.

पाणी हा डांबरी रस्त्याचा मोठा शत्रू होय. ते खडीवरील डांबराचा लेप सोडवते. म्हणून काही नमुने कोरडे, तर काही पाण्यात मुरवून तपासले जातात. मुरविलेल्या नमुन्यांची ताणशक्ती कोरड्यांच्या किमान ८० टक्के राहिली पाहिजे. पावसाळी प्रदेशात ही कसोटी निर्णायक ठरते.

भाराचा परिणाम त्याहून लक्षणीय आहे. इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात झालेल्या चाचण्यांवरून, आसावरील भार वाढला की रस्त्याची हानी ढोबळमानाने त्याच्या चौथ्या घाताने वाढते, असे दिसून आले. भारतात २०१८ मध्ये चार चाकांच्या एकेरी आसाची भारमर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन करण्यात आली. भारातील ही वाढ सुमारे १३ टक्के आहे. परंतु या नियमानुसार हानीतील वाढ सुमारे ६० टक्के होते. मर्यादेपलीकडील भाराचा बोजा अखेर सार्वजनिक निधीवरच पडतो.

मात्र उत्तीर्ण झालेला नमुना म्हणजे टिकाऊ रस्ता नव्हे. मिश्रणाचे तापमान, रोलरचा दाब आणि पाण्याचा निचरा यांत कसूर झाल्यास चाचणी निष्फळ ठरते. यासाठी तयार रस्त्यातून नमुने कापून त्यांची घनता प्रयोगशाळेतील घनतेशी ताडून पाहणे आवश्यक असते. तपासलेले मिश्रण आणि अंथरलेले मिश्रण एकच आहे, याची खातरजमा हीच खर्चाच्या सदुपयोगाची खरी हमी होय.