जिओकॅशिंगसाठी यंत्र निवडताना

मे २००० च्या आरंभी अमेरिकी सरकारने जीपीएस संकेतांत हेतुपुरस्सर मिसळलेली अशुद्धी हुकुमाने बंद केली, आणि लगोलग ३ मे रोजी ऑरेगनमधील बीव्हरक्रीकजवळ डेव्ह अल्मर यांनी अर्धवट पुरलेल्या बादलीपासून जिओकॅशिंगचा, म्हणजे जीपीएसच्या साहाय्याने लपवलेली वस्तू शोधण्याच्या खेळाचा, प्रारंभ झाला.

यंत्र घेताना नकाशाच्या रंगांवर भाळण्यापूर्वी ग्राहकाने हे पाहावे, की ज्या घनदाट वृक्षराजीखाली संकेत पानांनी अडतात आणि कड्यांवरून परावर्तित होऊन येतात, तेथे ते आपले स्थान कितपत स्थिर दाखवते. ग्लोनास या रशियन उपग्रहप्रणालीचेही संकेत घेणारे यंत्र अशा जागी सरस ठरते. गार्मिनच्या ईट्रेक्स २२एक्समध्ये चुंबकीय होकायंत्र नाही, त्यामुळे पाऊल थांबताच दिशेचा बाण भरकटतो. ३२एक्समध्ये ते आहे, आणि शेवटच्या दहा पावलांत, थबकत थबकत झुडपे धुंडाळताना, माझ्या मते जादा किंमत वसूल होते ती येथेच. दोन्हींना साधे डबल-ए सेल चालतात, ही दूरच्या रानात मोठीच सोय.

स्थाननिर्देशाची प्रणाली मात्र डब्ल्यूजीएस-८४ हीच ठेवावी, कारण जुन्या १९२७ च्या अमेरिकी प्रणालीवर यंत्र राहिल्यास ऑरेगनात शोध शंभरेक मीटर बाजूला जातो.