एक्झिक्युटिव्ह मोटारीचा आराम आणि आपला कारागीर

मरोळ नाक्यावरून सहार विमानतळाकडे आणि तिथल्या पंचतारांकित हॉटेलांकडे धावणाऱ्या मोठ्या सेडान गाड्या आपण रोज पाहतो. त्यांच्यातील आराम हा आपल्या दृष्टीने नुसत्या कौतुकाचा विषय नाही. सीट शिवणारे, एसीचा गॅस भरणारे, काच बसविणारे आपल्यात पुष्कळ आहेत. म्हणून या आरामाकडे धंद्याच्या नजरेने पाहिले पाहिजे.

पूर्वी गाडीचा आराम बाजारात तयार होत असे. अंधेरी-कुर्ला रस्त्याच्या त्या टोकाला, कुर्ल्यात, प्रीमियर पद्मिनी बनत होती. ती घरी आली की मालक रेग्झिन चढवी, टेप लावी आणि ऐपत असेल तर डॅशबोर्डखाली एसी बसवी. कंपनीने जे दिले नाही ते कारागीर देई. मग १९९५ मध्ये पुण्यात मर्सिडीज ई-२२० ची जुळणी सुरू झाली, १९९८ मध्ये होंडा सिटी आली, २००१ मध्ये औरंगाबादजवळ शेंद्र्यात स्कोडा ऑक्टाव्हिया जोडली जाऊ लागली. आराम कारखान्यातूनच येऊ लागला.

आता सीटचेच पाहा. आजच्या महागड्या गाडीत ती केवळ फोम आणि कापड राहिलेली नाही. पाठीच्या बाहेरच्या कडेला बाजूची एअरबॅग असते. धडक बसताच ती शिवण फाडून क्षणार्धात बाहेर येते. त्यावर आपल्या नेहमीच्या मजबूत दोऱ्याने घट्ट कव्हर शिवले तर ती अडकते किंवा भलत्याच दिशेला फुगते. ज्या मजबुतीचा आपला उस्ताद अभिमान बाळगतो तीच येथे जिवावर बेतू शकते! एअरबॅगला जुळणाऱ्या कव्हरला त्या जागी मुद्दाम कमजोर दोरा वापरतात किंवा ती बाजू मोकळी सोडतात. काही गाड्यांत बैठकीखाली वजन ओळखणारा सेन्सर असतो. थंड हवेच्या सीटमध्ये पंखे असतात आणि चामड्याला बारीक छिद्रे. त्यावर जाड रेग्झिन घातले की ग्राहकाने मोजलेले पैसे पाण्यात गेले.

सीट काढावी लागली तर आधी इग्निशन बंद करावे, बॅटरीची तार सोडवावी आणि कंपनीच्या पुस्तकात लिहिली असतील तितकी मिनिटे थांबावे, कारण एअरबॅगच्या यंत्रणेत थोडी वीज शिल्लक राहते. मगच सीटखालचा पिवळा प्लग काढावा. प्लग निघालेला असताना चावी फिरवली की एअरबॅगचा दिवा पेटतो आणि बहुधा स्कॅनर लावल्याशिवाय विझत नाही.

एसीवाल्यांसाठी बदल तुलनेने सोपा आहे. जुन्या आर-१२ गॅसचे दिवस संपले, आर-१३४ए आला, आणि काही नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ येतो. तो थोडा ज्वलनशील असून त्याचे मशीन वेगळे लागते. गॅसचे नाव आणि ग्रॅम बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलेले असतात. अंदाजाने भरण्याची सवय सोडावी. हायब्रीड गाडीतील नारिंगी तारांना मात्र शिकल्याशिवाय हात लावू नये. ॲक्सेसरीवाल्यांनीही एक लक्षात ठेवावे: ऑटोमॅटिक एसीचा उन्हाचा सेन्सर डॅशबोर्डवर काचेजवळ असतो. वर चटई टाकली की त्याला ऊन कळत नाही, आणि ग्राहक एसी बिघडला म्हणून ओरडतो.

पुढच्या काचेमागे कॅमेरा असलेल्या गाड्याही वाढत आहेत. होंडा सिटीच्या हायब्रीडमध्ये तो २०२२ मध्ये आला. अशा गाडीची काच बदलल्यावर कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन करावे लागते, नाहीतर ब्रेक चुकीच्या वेळी लागण्याची भीती असते. हे काम नुसत्या सक्शन कप आणि सीलंटने होत नाही.

स्कॅनरचा खर्च एकट्या गाळ्याला जड जातो हे खरे. पण शेजारच्या तीन-चार गाळ्यांनी मिळून घेतला तर कुशनवाला, एसीवाला आणि वायरमन तिघांचेही काम भागते. तोवर निदान एवढे करावे: गाडी ताब्यात घेताना ग्राहकासमोर चावी फिरवावी, कोणता दिवा आधीपासून पेटलेला आहे ते बिलावर लिहावे आणि खाली त्याची सही घ्यावी.